पट्टीला लावलेलं हळदकुंकू

माझा स्वभाव तापट आहे, हे जळकोटात मला सोडून सगळ्यांना फार आधीपासून माहीत होतं. अठ्ठावीस वर्षं मी अंगणवाडी सांभाळली. चाळीस पोरं, एक वजनकाटा, खिचडीचं पातेलं आणि अकरा रजिस्टरं. तपासणीला आलेल्या बाईंनी एखाद्या रकान्यात चूक दाखवली, की तो रकानाच कसा चुकीचा आखलाय हे मी त्यांना पटवून द्यायची. त्या दमून चहा घ्यायच्या आणि पुढच्या गावाला जायच्या. चूक माझीच आहे हे निम्म्या वेळा तरी मला तिथल्या तिथं कळलेलं असायचं. पण ते तोंडातून कधी निघालं नाही.

गेल्या साली मी निवृत्त झाले. घरात आम्ही चौघं. आमचे मालक, नाव त्यांचं श्रीमंत, मुलगा धनाजी, सून प्रतीक्षा आणि मी, तुळजाबाई. धनाजी वायरमन आहे. नवरात्रात त्याची ड्यूटी तुळजापुरात असते, त्यामुळे या गोष्टीत तो कुठंच नाही.

प्रतीक्षा माकणीची. लातूरला चित्रकला शिकली. लग्नाला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत तिच्या हातात एकतर लाटणं बघितलंय, नाहीतर पेन्सिल. आमच्या शेळ्या, पाण्याची टाकी, दारात उभी राहून ओरडणारी मी, सगळं तिच्या वहीत आहे. वहीत मी आहे त्यापेक्षा जरा जाड दिसते, पण ते असो. चांगलं चित्र मला कळतं. अंगणवाडीतल्या तक्त्यावरचा आंबा मी वीस वर्षं पोरांना दाखवला आणि पोरं वीस वर्षं त्याला वांगं म्हणत आली. प्रतीक्षानं काढलेल्या आंब्याला कुणी वांगं म्हणणार नाही.

पुण्यात लहान मुलांची पुस्तकं काढणारं एक छोटं प्रकाशन आहे. तिथल्या राजनंदिनी मॅडमना घरी बसून कम्प्युटरवर चित्रं काढणारी मुलगी हवी होती. प्रतीक्षानं नमुने पाठवले, ते त्यांना आवडले. मग परीक्षा ठरली. लॅपटॉपवर एकमेकींसमोर बसायचं, मॅडम सांगतील ते चित्र तासाभरात काढून दाखवायचं.

पहिली परीक्षा भाद्रपदात झाली. झाली कसली, सुरूच झाली नाही. प्रतीक्षाचा लॅपटॉप कॉलेजातला. सकाळी बटण दाबून ती कणीक मळायला बसायची, आणि कणीक मळून, झाकून, हात धुऊन आली तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. परीक्षेच्या दिवशी तर त्यानं कहर केला. चित्राचं सॉफ्टवेअर उघडायला गेली आणि सगळं जागच्या जागी थिजलं. पुण्याच्या पडद्यावर आमची सून डोळे अर्धे मिटून, तोंड उघडं टाकून अकरा मिनिटं बसून होती.

मॅडमनी मग फोन केला. बाई चांगली वाटली. म्हणाली, "हात छान आहे तुमचा. पण मशीन असं असेल तर आमची पुस्तकं वेळेवर कशी निघणार? मशीन नीट करून घ्या, आपण अजून एकदा बसू. तेव्हाही अडकलं तर मात्र मला दुसऱ्या मुलीला घ्यावं लागेल." आणि जी तारीख दिली ती नेमकी खंडेनवमीची. दुपारी चारची. पुण्याला सुट्टी दसऱ्याची असते, आदल्या दिवशी आपल्याकडं काय चालतं हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

त्या फोननंतर दोन दिवस पोरीनं वही उघडली नाही. मला ते बघवेना. ही नोकरी तिला मिळावी म्हणून माझा जीव किती तुटत होता ते मी तिला सांगितलं नाही. मला ओरडता येतं, बाकीचं येत नाही.

जळकोटात हायवेला लागून बसवेशचं मोबाईल-कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं लॅपटॉप उघडून बघितला आणि निकाल दिला. मशीन चांगलं आहे, आतली डिस्क म्हातारी झालीय. तिच्यात गोल तबकडी फिरते, ती फिरून फिरून दमलीय. तिच्याऐवजी नव्या पद्धतीची पट्टी बसवा, तिच्यात काहीच फिरत नाही, मशीन पळायला लागेल. त्यानं सोलापूरहून पट्टी मागवली. मला वाटलं होतं एवढं मोठं काम करणारी वस्तू निदान विटेएवढी तरी असेल. निघाली बोटभर. पातळ, हिरवी, आणि एका टोकाला बारीक बारीक सोनेरी दात.

बसवेशनं पट्टी घालायची एक वायरवाली डबीही दिली. पट्टी डबीत, डबीची वायर लॅपटॉपला, आणि जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या पट्टीवर उतरवून घ्यायचं. अष्टमीच्या दिवशी प्रतीक्षानं ते केलं. साडेपाच तास लागले. तेवढा वेळ मी त्या खोलीत मालकांना शिंकू दिलं नाही. संध्याकाळी डबी परत द्यायला गेली तेव्हा बसवेश दुकान आवरत होता.

"वहिनी, उद्या मला बसवाया सांगू नका," तो म्हणाला. "उद्या मी हत्याराला हात लावत न्हाय. पण लई सोपं हाय बघा. मागचं झाकण काढायचं, जुनी डिस्क काढून ठेवायची, पट्टी खाचंत सरकवायची, एक स्क्रू मारायचा. झालं!"

"आत्ताच करू का?" घरी आल्यावर प्रतीक्षानं मला विचारलं.

"बारीक स्क्रू हायेत. सकाळी उजेडात कर," मी म्हणाले. सल्ला चांगलाच होता. पुढं काय वाढून ठेवलंय ते मला माहीत नव्हतं.

खंडेनवमीची पूजा आमच्याकडं अगदी मन लावून होते. सकाळी मालक घरातली झाडून सगळी अवजारं अंगणात काढतात, धुतात, पुसतात. कोयते, खुरपी, कुऱ्हाड, टिकाव, पान्हे, पकडी, फवारणीचा पंप. माझी विळी आणि शिलाई मशीनची कात्री. मग सगळं पाटावर नि पोत्यावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची, नारळ फोडायचा. नारळ फुटला की अवजारं बसली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उठेपर्यंत त्यांना कुणी हलवायचं नाही. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस आपण त्यांना हात लावायचा नाही. हा नियम माझ्या सासूबाईंचा, आणि त्यांच्यानंतर तो पाळण्यात मी त्यांच्यापेक्षा कडक.

प्रतीक्षा अंघोळीला गेली होती. लॅपटॉप आणि पट्टी ज्यात आली होती ती प्लॅस्टिकची डबी खिडकीत ठेवलेली. मी विचार केला, आज खरी परीक्षा या दोघांचीच आहे, आणि आपण फवारणीच्या पंपाला कुंकू लावतोय! मी दोन्ही उचलून पूजेत आणलं. लॅपटॉपला वरून बोट लावलं. पट्टी डबीतून बाहेर काढली, कारण बंद डबीत ठेवून कुणाची पूजा होत नाही. विड्याच्या पानावर ठेवली. आता हळदकुंकू लावायचं कुठं? एका अंगाला कागद चिकटवलेला, त्यावर एक टिळा लावला. पण माझं समाधान होईना. सोनेरी दातांची बाजू मला तिचं तोंड वाटली. मग ओल्या हळदीचं बोट तिथं ओढलं, वर कुंकू. मनात म्हटलं, आई, पोरीचं काम होऊ दे.

नंतर ते जरा जास्तच झालंय असं वाटलं, म्हणून पदरानं पुसून घेतलं आणि पट्टी डबीत ठेवली. लॅपटॉप आणि डबी नारळ फोडायच्या आधीच खिडकीत नेऊन ठेवली. म्हणजे पूजाही झाली आणि वस्तू पूजेत बसल्याही नाहीत. नियमात बसवून काम करायची मला अठ्ठावीस वर्षांची सवय आहे.

अकरा वाजता प्रतीक्षा आतून बाहेर, बाहेरून आत अशा चकरा मारायला लागली.

"काय हुडकलालीस गं?"

"आत्या," ती मला आत्याच म्हणते, "तो बारका स्क्रूड्रायव्हर बघितलाव का? लाल मुठीचा."

मी पूजेकडं बोट केलं. पान्ह्यांच्या शेजारी, झेंडूच्या फुलाखाली, लाल मूठ दिसत होती.

"मला पायजे होता की ओ."

"आता न्हाय मिळायचा. नारळ फुटलाय."

पोरगी रडकुंडीला आली, पण वाद घातला नाही. तिनं फोन लावायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत सहा घरांत स्क्रूड्रायव्हर आहेत, सहाच्या सहा पूजेत. सायकल दुकानात पूजा. पिठाच्या गिरणीत पूजा. बसवेशनं तर दुकानातल्या सगळ्या हत्यारांची रांगोळी घालून फोटोच पाठवला, खाली हात जोडलेले. सगळ्या जळकोटात त्या दिवशी एकही स्क्रू फिरणार नव्हता.

मालक गरीब माणूस. ते हळूच म्हणाले, "तुळजा, एक उचलला म्हणून काय हुतंय?"

"माझ्या घरात हुणार न्हाय," मी म्हणाले. ताठा तर धरला होता, आणि चार वाजायला साडेचार तास राहिले होते. मी घरभर नजर फिरवली. जी वस्तू पूजेत नाही आणि जिला टोक आहे अशी काहीतरी पाहिजे होती. देवळीत आरशापाशी ती दिसली.

"नेलकटर," मी म्हणाले. "त्याच्या आत ती नखं घासायची कानस असती बघ. तिचं टोक लागतंय का बघ."

"नेलकटर अवजार न्हाय का?" मालकांनी विचारलं.

"नेलकटरची पूजा केल्याली तुमी कधी बघितलाव का?"

मालकांनी देवळीतून नेलकटर आणून दिलं. प्रतीक्षानं टोक स्क्रूच्या खाचेत बसवलं, दाबून फिरवलं आणि स्क्रू निघाला. एकूण अकरा स्क्रू. त्यातल्या दोघांनी चांगलाच घाम काढला. मी वाटीत एकेक मोजून घेत होते. झाकण कडेनं उचकटायला काहीतरी पातळ पाहिजे होतं, तर मालकांनी खिशातून एसटीचं सवलतीचं कार्ड काढून दिलं. झाकण टक टक करत उघडलं. प्रतीक्षानं जुनी डिस्क काढून टॉवेलवर ठेवली, डबीतून पट्टी काढली. कागदावरचा कुंकवाचा टिळा बघून ती माझ्याकडं बघून हसली. मला बरं वाटलं. पट्टी खाचेत गेली, स्क्रू बसला, झाकण लागलं. जेवणंखाणं, भांडी, देवीचा नैवेद्य, सगळं सांभाळून हे होईपर्यंत अडीच वाजले होते.

तिनं बटण दाबलं. आम्ही तिघं पडद्याकडं डोळे लावून बसलो.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. प्रतीक्षा ती वाचून पांढरी पडली.

"काय म्हणतंय?" मालकांनी विचारलं.

"डिस्कच न्हाय म्हणतंय आत."

परत बंद, परत चालू, परत तेच. तिनं पुन्हा अकरा स्क्रू काढले, पट्टी बाहेर ओढली आणि उजेडात धरली. मी तिच्या शेजारीच होते. मला दिसलं. सोनेरी दातांच्या फटीफटीत पिवळं-लाल वाळून बसलं होतं. पदरानं पुसलेलं नुसतं वरवरचं गेलं होतं.

तिलाही दिसलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ओढणीच्या टोकानं दात पुसले, पट्टी परत सरकवली, बटण दाबलं. तीच ओळ. मग तिनं बसवेशला फोन लावला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून समोर ठेवला.

"पट्टी काल तर चालत हुती की," बसवेश म्हणाला. "कॉपी झालं न्हवं का नीट?"

"झालं हुतं."

"मग दाताला कायतरी लागलं असंल. तेल, पाणी, पीठ, असं काय लागलंय का वहिनी?"

"न्हाय," प्रतीक्षा म्हणाली. "काय न्हाय लागलं."

"बघा नीट."

"न्हाय ओ. स्वच्छ हाय."

"मग पट्टीच गेली म्हणायची," बसवेश म्हणाला. "परवा बदलून मागवतो. आज जुनीच घाला."

जुनी घालायची म्हणजे परत तेच, डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, आणि ती जागा दुसऱ्या मुलीला. प्रतीक्षाला हे कळत नव्हतं असं नाही. तिनं टॉवेलवरून जुनी डिस्क उचललीसुद्धा. सासूचं नाव येऊ नये म्हणून ती पोरगी स्वतःची नोकरी वाऱ्यावर सोडत होती, आणि मी खांबासारखी उभी राहून ते बघत होते. खरं सांगते, माझ्या मनात आधी हेच आलं की पट्टी आधीपासूनच बिघडलेली असेल, सोलापूरवाल्यानंच खराब माल दिला असेल. वाक्य ओठापर्यंत आलं होतं. मग मी तिच्या हातातल्या त्या म्हाताऱ्या डिस्ककडं बघितलं आणि मला माझीच लाज वाटली.

मी फोन उचलला. "बसवेश, हळदकुंकू लागलंय. दातालाच लागलंय. म्या लावलंय."

पलीकडं तो असा हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

"काकू, सकाळपास्नं असला हा तिसरा फोन हाय! एकानं तर प्रिंटरवर नारळ फोडलाय." आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "काय झालं न्हाय पट्टीला. ओल्या हळदीचा थर वाळून बसलाय नुसता, कपड्यानं निघत नसतो. पाणी लावू नका. खोडरबर हाय का घरात? पेन्सिलचं, पांढरं. त्येनं दात हळू घासा, दोन्ही बाजूनी. लॅपटॉपातली खाच कोऱ्या टूथब्रशनं झाडून घ्या. मग लावा."

खोडरबर! माझी अंगणवाडीची पिशवी खुंटीला होती. तिच्यात नऊ खोडरबर निघाले. प्रतीक्षानं घासायला हात पुढं केला, तर मी पट्टी तिच्याकडून घेतली. "मी लावलंय, मीच काढते." डोळ्याला चष्मा लावला आणि एकेक दात घासायला बसले. खोडरबराचा भुगा पिवळा व्हायला लागला, मग लाल, मग नुसताच पांढरा. दात झगझगीत झाले. तोपर्यंत प्रतीक्षानं ब्रशनं खाच झाडली. पट्टी बसली. या खेपेला झाकणाचे अकराच्या अकरा स्क्रू लावायला वेळ नव्हता, चारच लावले. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

बटण दाबलं आणि मी सवयीनं स्वयंपाकघराकडं वळले. दाराशी पोचायच्या आत मागून मालकांचा आवाज आला, "अगं, झालं की चालू!" वळून बघितलं तर प्रतीक्षाच्या वहीतली आमची शेळी पडद्यावर उभी होती. तिनं तो फोटो तिथं लावलेला असतो. मी मोजलं नाही, पण पंधरासुद्धा अंक झाले नसते. प्रतीक्षानं टाळीच वाजवली. माझा जीव भांड्यात पडला.

चार वाजता मॅडम आल्या. म्हणजे पडद्यावर. मी स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर बसले, तिथून प्रतीक्षा दिसायची आणि मॅडमचा आवाज ऐकू यायचा. मालकांना शेळ्यांकडं पिटाळलं होतं. मॅडमनी चित्र सांगितलं, आठवडी बाजार. पुण्याच्या बाईला वाटलं असेल अवघड दिलंय. प्रतीक्षानं तासाभरात बाजार भरवला. पालं, तराजू, मिरच्यांचे ढीग, कानाला फोन लावून भाव करणारा म्हातारा, आणि मधोमध लांब कानांची काळी शेळी कोथिंबीरवाल्या बाईच्या पाटीत तोंड घालून. हे चित्र मी नंतर बघितलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की मशीन एकदासुद्धा थांबलं नाही.

"सुंदर," मॅडम म्हणाल्या. "शेळी तर फारच छान. आणि मशीनही आज पळतंय की! नवीन डिस्क बसवताना काही अडचण आली का?"

"नाही मॅडम," प्रतीक्षा म्हणाली. "काहीच नाही. सासूबाईंनी सकाळी पूजा केली आणि पहिल्या झटक्यातच सुरू झालं."

मी पाटावरून उठले. उठायचं नव्हतं, पण उठले. सकाळपासून या पोरीनं माझ्यासाठी एकदा खोटं बोलून नोकरी पणाला लावली, आता दुसऱ्यांदा बोलून मला शाबासकी मिळवून देत होती. ती शाबासकी मला टोचायला लागली. मी सरळ खोलीत जाऊन तिच्या मागं उभी राहिले.

"खोटं हाय ते," मी म्हणाले. "पयल्या झटक्यात न्हाय झालं. म्या पट्टीच्या दाताला हळदकुंकू लावलं हुतं, म्हणून बंद पडलं हुतं. मग खोडरबरनं घासून काढलं."

प्रतीक्षानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पडद्यावर चष्मा लावलेली एक चाळिशीतली बाई माझ्याकडं बघत होती. तिला आधी काही समजलं नाही. मग समजलं, आणि ती खुर्चीत मागं रेलून हसली. पण हसू ओसरल्यावर तिचा चेहरा बदलला.

"प्रतीक्षा, एक सांगू का?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी एक मुलगी आमच्यासाठी असंच लांबून काम करायची. तिच्याकडं काहीतरी बिघडलं होतं, आणि ती रोज 'सगळं ठीक आहे' म्हणून कळवायची. छपाईच्या आदल्या दिवशी आम्हाला कळलं. मशीन बिघडतं, त्याचं काही नाही. मला बिघडलं की सांगणारं माणूस हवं आहे. तू तर आत्ता मला सांगितलंच नसतंस."

प्रतीक्षानं मान खाली घातली. खरं बोलायची अवदसा आठवली ती नेमकी आज, आणि तिनं पोरीच्या तोंडचा घास काढला. सकाळी हळदीनं जे झालं नव्हतं ते मी आता तोंडानं करून ठेवलं होतं.

"ओ बाई," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, तो मला आवरता आला नाही. "तिला बोलू नका. ती स्वतःची चूक लपवत न्हवती, माझी लपवत हुती. स्वतःची तिनं कधी लपवल्याली न्हाय. गेल्या महिन्यात माझी काठपदराची साडी तिच्याकडनं जळली इस्तरी करताना, तर मी घरात यायच्या आधी रस्त्यावर येऊन सांगितलं मला. मी काय काय बोलले तिला! तरी सांगितलं. चूक कबूल करायची तर मला येत न्हाय, अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, एकदा न्हाय केली. तिला येती. माझ्यामुळं तिला काढू नका."

पडद्यावर मॅडम हलेनात. लॅपटॉप परत अडकला की काय अशी मला शंका आली. पण मॅडमच्या डोळ्यांची उघडझाप होत होती.

"आज तर केलीत की कबूल," त्या म्हणाल्या.

मी पदर सावरला आणि जरा मागं सरकले.

"प्रतीक्षा," मॅडम म्हणाल्या, "उद्या दसरा. परवा सकाळी दहा वाजता पहिल्या पुस्तकाचा मजकूर पाठवते. सोळा चित्रं, महिन्याभरात. आणि काही बिघडलं तर मला त्याच दिवशी कळवायचं."

"हो मॅडम."

"तू नाही कळवलंस तर सासूबाई कळवतील."

"कळवीन," मी म्हणाले. "नंबर देऊन ठेवा."

पडदा बंद झाला. प्रतीक्षा खुर्चीतून उठली आणि सरळ माझ्या गळ्यात पडली. तिला हसू येत होतं आणि रडूही. बाहेरून मालक डोकावले, आम्हाला तसं बघून घाबरले, आणि काय झालं, गेली का नोकरी, म्हणून विचारायला लागले.

"माझ्यासाठी खोटं का बोललीस गं?" मी विचारलं. "बसवेशला सांगितलं असतंस तर तवाच झालं असतं की."

"तुमी देवीला सांगून लावलं हुतं, आत्या," ती म्हणाली. "त्येच्यावर कुणी हसल्यालं मला चाललं नसतं."

आयुष्यभर माझ्या चुका मीच झाकत आले, आरडाओरडा करून, एकटीनं. दुसरं कुणी येऊन माझी चूक झाकेल आणि त्यासाठी एवढं मोठं काही सोडून द्यायला निघेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि जवळ उभ्या असलेल्या मालकांना म्हणाले, "लागली नोकरी. बघत काय उभारलाव, गावात पेढे वाटून या!"